सावित्रीच्या वाटेने, कृष्णेच्या काठाने

महाबळेश्वरला राहणाऱ्या बाईचं नशीब तुम्हाला ठाऊक नसेल, तर सांगते. मे महिना आला की नात्यातले, ओळखीतले, ओळखीच्यांच्या ओळखीतले पाहुणे यायला लागतात. आर्थर सीट, बाँबे पॉइंट, वेण्णा लेक, मग बाजारात फेरी, चणे, चपला, जॅमच्या बाटल्या. चौथ्या दिवशी पाहुणे परततात आणि आपण चादरी धुवायला घेतो. बारा वर्षं झाली, मी हे सगळे पॉइंट डोळे मिटून दाखवू शकेन.

पण मैत्रिणींनो, आज मी तुम्हाला पॉइंट दाखवणार नाही. आज मी तुम्हाला दोन मशिदी दाखवणार आहे. दचकलात ना? दोन वर्षांपूर्वी कुणी मला असं म्हटलं असतं, तर मीही दचकलेच असते.

त्याचं असं झालं. मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते, सातवीला इतिहास. सुलतानांचा धडा मी दरवर्षी एकाच पद्धतीने शिकवत आले. गझनीचा महमूद सोमनाथवर आला १०२६ मध्ये, अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला १२९६ मध्ये, मग बहमनी, मग पाच शाह्या. फळ्यावर सनावळी, मुलांच्या वहीत सनावळी, परीक्षेत सनावळी. त्या दिवशी तास संपताना मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. वडील वेण्णा लेकवर घोडे फिरवतात तिचे. अगदी साध्या आवाजात तिने विचारलं, "बाई, मग आम्ही सगळे तलवार घेऊनच आलो का?"

वर्ग हसला. मी हसले नाही, पण उत्तरही दिलं नाही. "बस खाली, घंटा झाली," एवढंच म्हणाले. घंटा खरंच झाली होती. तरी घरी येईपर्यंत मला चैन नव्हतं, कारण मला खरोखरच उत्तर माहीत नव्हतं. बी. ए. ला इतिहास घेतला होता, हे सांगायचीही लाज वाटली.

ती मुलगी म्हणजे आमच्या शेजारच्या भाभींची पुतणी. भाभींचं नि माझं नातं कसं, तर साखर संपली की वाटी इकडून तिकडे. माझ्या धाकट्याला गोवर आला होता तेव्हा तीन रात्री त्या माझ्याबरोबर जागल्या. इतकं असूनही बाजारपेठेतल्या मशिदीवरून मी हजार वेळा भाजीची पिशवी घेऊन गेले असेन, आत काय असतं हे भाभींना एकदाही विचारलं नव्हतं. आपल्या बायकांचं असंच असतं बघा. स्वयंपाकघरापर्यंत ओळख पक्की, त्याच्यापुढे कुलूप.

संध्याकाळी मी भाभींना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बाई, माझं माहेर दापोली तालुक्यातलं. आमच्याकडे म्हातारी माणसं सांगायची, आपण जहाजातून आलो. तलवारीचं मला काही माहीत नाही. तुम्ही एकदा दाभोळला चला."

हे म्हणाले, "जाऊन या, गाडी घेऊन सोडतो मी." सासूबाई मात्र गप्प. मग पानं घेताना म्हणाल्या, "मशिदीत आपलं काय काम?" मी काही बोलले नाही. काही प्रश्न वाढून ठेवावेत, लगेच उष्टे करू नयेत.

जाण्याआधी मी जुन्या महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात जाऊन आले. तुम्ही आला असाल तर आठवेल, दगडी गोमुखातून पाणी पडतं आणि कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री, सावित्री अशी पाच नावं सांगतात. यातली सावित्री पश्चिमेला कोकणात उतरते, महाडवरून बाणकोटच्या खाडीत समुद्राला मिळते. कृष्णा पूर्वेला वळते, माहुलीला वेण्णेला आणि कऱ्हाडला कोयनेला बरोबर घेते. एका डोंगरावरचं पाणी, दोन दिशांना गेलेलं. आमचे प्रवासही तसेच दोन झाले. पहिला सावित्रीच्या बाजूने, दुसरा कृष्णेच्या.

आंबेनळी घाटाने आम्ही भल्या पहाटे पोलादपूरला उतरलो. कशेडी घाट, खेड, दापोली आणि मग दाभोळ. दीडशे किलोमीटरच्या आसपास अंतर, पण वळणं इतकी की लिंबू नि आल्याचा तुकडा जवळ ठेवाच. दाभोळ हे वाशिष्ठी नदीच्या मुखावरचं गाव. आज माडांत झोपल्यासारखं दिसतं. मासळीचा वास, फेरीबोटीची धांदल, खाडीपलीकडे धोपावे. पण एके काळी हे दक्खनचं मोठं बंदर होतं. अफानासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी १४६९ मध्ये चौल बंदरात उतरला, दोन-अडीच वर्षं बिदरपर्यंत फिरला आणि परत जाताना जहाजात बसला तो दाभोळलाच. इथे अरबस्तानातून घोडे यायचे. हे वाचलं तेव्हा मला वेण्णा लेकवरचे घोडेवाले आठवले. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांच्या आल्मेदाने हे गाव जाळलं. तरी ते पुन्हा उभं राहिलं.

मशीद खाडीच्या अगदी काठाशी, माडांच्या गर्दीत आहे. शाही मशीद म्हणतात, गावात अंडा मशीदही म्हणतात. काळ्या दगडाची, उंच जोत्यावर, मध्ये घुमट, कोपऱ्यांना मनोरे, घडण विजापूरच्या धर्तीची. आत मोजली तर साधारण ६३ फूट बाय ५४ फूट, घुमटाची उंची सुमारे ७५ फूट. म्हणजे फार मोठी नव्हे, पण माडांच्या बुंध्यांतून एकदम समोर आली की पाय थबकतात. भाभी सांगत होत्या ती गोष्ट अशी. विजापूरच्या राजघराण्यातली आयेशाबीबी १६५९ च्या सुमारास मक्केच्या यात्रेसाठी मोठा लवाजमा घेऊन दाभोळला आली. पण समुद्रात चाच्यांचा सुळसुळाट होता, जहाज सुटेना. यात्रेसाठी आणलेला पैसा परत न्यायचा कसा? मग तिने मौलवींना विचारून त्याच पैशात इथे मशीद बांधवली. गोष्टीला इतिहासाचा पुरावा किती, ते विद्वान बघतील. मला एवढंच वाटलं, यात्रेचं गाठोडं बांधून काठावर अडकलेली बाई आपल्याला परकी नाही. काशीला जायला निघून घरच्या दुखण्याने अर्ध्या वाटेवरून परतलेल्या किती आज्या आपण पाहिल्यात!

पायऱ्या चढण्याआधी आम्ही तिथल्या एका वयस्कर गृहस्थांना विचारलं. ते म्हणाले, "या की, डोकं झाकून या." पदर डोक्यावरून घेतला, चपला खाली काढल्या. आत मूर्ती नाही, चित्र नाही. पश्चिमेच्या भिंतीत एक कोनाडा. त्याला मेहराब म्हणतात. मक्का कोणत्या दिशेला, हे दाखवणारी ती खूण. भाभी हळूच म्हणाल्या, "आपल्या देशात मक्का पश्चिमेला, म्हणून सगळ्या मशिदी तिकडे तोंड करून." मी त्या कोनाड्याकडे बघत राहिले. त्या भिंतीच्या मागे पश्चिमेला समुद्र, आणि समुद्रापलीकडे ते गाव जिथून ही सगळी हकिकत सुरू झाली.

तिथली पहिली मशीद कशी होती, ठाऊक आहे? पैगंबर मक्केहून मदिनेला गेले ते ६२२ मध्ये. गावाबाहेर कुबा इथे, आणि मग मदिनेत मशीद बांधली. ना घुमट, ना मनोरे. कच्च्या विटांच्या भिंती, खजुराच्या बुंध्यांचे खांब, वर खजुराच्या झावळ्या. शेजारीच त्यांच्या घरच्या बायकांच्या खोल्या. नमाज तिथेच, शिकवणं तिथेच, बिनघराच्या माणसाला आसराही तिथेच. म्हणजे आपलं अंगणच की. सुरुवातीला तोंड जेरुसलेमकडे करत, ६२४ मध्ये ते मक्केकडे वळवलं. आणि आपल्या बायकांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट. पैगंबरांची पहिली पत्नी खदीजा ही स्वतः व्यापार करणारी बाई होती. तिचा माल घेऊन तांडे सीरियापर्यंत जात. लग्नाआधी पैगंबरांनी तिच्याच मालाची जबाबदारी घेऊन प्रवास केला होता.

या व्यापाऱ्यांचाच धागा मला हवा होता. परत आल्यावर मी वाचनालयातून पुस्तकं आणली. रात्री भांडी आवरली की दिव्याखाली बसायचं, असं महिनाभर चाललं. आणि त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

अल्-मसूदी नावाचा बगदादचा प्रवासी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६ च्या सुमाराला, आपल्या चौलला आला होता. अरब लोक चौलला सैमूर म्हणत. तिथे त्याला सुमारे दहा हजार मुसलमान भेटले. कुणी बसऱ्याचे, कुणी ओमानचे, सिराफचे, बगदादचे आणि पुष्कळसे इथेच जन्मलेले. म्हणजे बाप अरबी, पण आजोळ कोकणातलं! तेव्हा कोकणात शिलाहार राजा झंझ होता आणि त्याच्या वर राष्ट्रकूट सम्राट. अरब त्यांना 'बल्हरा' म्हणत, आपल्या 'वल्लभराज' शब्दाचा तो अपभ्रंश. या व्यापाऱ्यांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक मुखिया राजाने नेमलेला असे. त्याच शतकातला दुसरा लेखक, इस्तखरी, लिहितो की बल्हराच्या शहरांत जुम्मा मशिदी आहेत. हिशेब करा. देवगिरीवर खिलजी आला १२९६ मध्ये. त्याच्या ३८० वर्षं आधी आपल्या किनाऱ्यावर, आपल्या राजाच्या राज्यात, बांग होत होती.

याहून गोड गोष्ट पुढेच आहे. पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ चिंचणीला काही ताम्रपट सापडले. त्यातला एक आहे इसवी सन ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला. त्यावरून कळतं की संजाणच्या मुलखावर राष्ट्रकूटांनी नेमलेला अधिकारी 'ताजिक' म्हणजे अरब होता. नाव मधुमती. 'मुहम्मद' या नावाला दिलेलं ते संस्कृत रूप! या मधुमतीने काय केलं? दोन नद्यांवर लोकांसाठी फुकट होडी ठेवली. एक अन्नछत्र घातलं. त्यात काय वाढायचं तेही लिहून ठेवलंय, भात, कालवण आणि तूप. आणि एका ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठाला जमीन द्यायला मान्यता दिली. हजार वर्षांपूर्वीच्या तांब्याच्या पत्र्यावर भातावरचं तूप वाचलं आणि मला एकदम हसू आलं. हे बाजूला वर्तमानपत्र वाचत होते, म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, माझा धडा सापडला."

तलवार आलीच नाही, असं मला म्हणायचं नाही हं. ती आली, देवळं पडली, रणं झाली, त्या इतिहासाला मी पांढरा चुना लावणार नाही. प्रतापगड माझ्या घरापासून तासाभराच्या आत आहे, १६५९ साल मी विसरणार कशी? पण जहाजं आधी आली आणि तलवार नंतर आली, हा क्रमसुद्धा इतिहासच आहे. तो मी बारा वर्षं मुलांना सांगितला नव्हता.

दुसरा प्रवास कृष्णेच्या बाजूचा. या वेळी सासूबाई निघाल्या. मशिदीसाठी नव्हे, कऱ्हाडच्या प्रीतिसंगमासाठी! कृष्णा आणि कोयना तिथे समोरासमोर येऊन मिळतात. आमच्या डोंगरावर निघालेल्या दोघी बहिणी, इतका मोठा वळसा घालून भेटलेल्या. काठावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. सासूबाईंनी ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं, ओटी सोडली. मग मी म्हटलं, "आई, इथून जवळच मनोरे आहेत. तुम्ही गाडीत बसा, मी पाहून येते." त्या म्हणाल्या, "गाडीत उकडतंय. येते मीही."

कऱ्हाडचे मनोरे गावात शिरताना लांबूनच दिसतात. सुमारे १०६ फूट उंचीची ती जोडी, जुन्या वस्तीच्या मधोमध. मशीद विजापूरच्या पहिल्या अली आदिलशहाच्या काळातली, म्हणजे १५५७ ते १५८० या वर्षांतली. भिंतींवर अरबी नि फारसी कोरीव लेख आहेत. मी तारखा शोधत होते, भाभी त्यातली आयत हळू आवाजात वाचत होत्या, आणि सासूबाईंनी भाभींना विचारलं, "का गं, देव कुठाय यात?" माझ्या छातीत धस्स झालं. भाभी शांतपणे म्हणाल्या, "आई, देव दिसत नाही ना, म्हणून नुसती दिशा धरायची." सासूबाईंनी थोडा वेळ विचार केला. "आमचे वारकरीही निर्गुण म्हणतातच," म्हणाल्या. मग पाय धुऊन सावलीच्या पायरीवर टेकल्या आणि डब्यातली दशमी भाभींच्या हातावर ठेवली. परतीच्या वाटेवर त्यांनी मशिदीबद्दल चकार शब्द काढला नाही. पण दुसऱ्या दिवशी भाभींकडे साखरेची वाटी द्यायला, मला न पाठवता, स्वतः गेल्या. बारा वर्षांत पहिल्यांदा.

वेळ असेल तर कऱ्हाडहून पुढे मिरजेला जावं. ती मशीद नव्हे, मीरासाहेबांचा दर्गा आहे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये गेले, ते तिथेच विसावले आहेत. त्यांच्या स्मरणार्थ उरुसात गाणं होतं. त्या उरुसात पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. सांगली जिल्ह्यातल्याच वाळवा तालुक्यातलं गोटखिंडी गाव तर वर्तमानपत्रांतून तुम्हाला ठाऊक असेल. पावसात भिजू नये म्हणून एकदा गणपती मशिदीत घेतला आणि मग ती रीतच झाली. हे सगळं आपल्या अंगणातलं आहे, बरं का.

आता तुम्ही जाणार असाल तर चार कामाच्या गोष्टी. पावसाळ्यात आंबेनळी घाटाच्या वाटेला जाऊ नका. दरडी कोसळतात, जुलै २०२१ मध्ये तो घाट फार खचला होता. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मशिदीत शुक्रवारी दुपारी आणि नमाजाच्या वेळी जाऊ नये, सकाळी दहा-अकराची वेळ बरी. आधी तिथल्या माणसाला विचारावं. कुठे बायकांना आतपर्यंत जाऊ देतात, कुठे अंगणापर्यंतच. जिथे थांबवतील तिथे हसून थांबावं, आपल्या देवळांतही गाभाऱ्यापुढे आपण थांबतोच. सुती साडी किंवा अंगभर ओढणीचा पोशाख, डोक्यावर पदर, पायांत सहज काढता येतील अशा चपला. फोटो विचारूनच काढावा, आणि नमाज पढणाऱ्याचा मुळीच काढू नये. मुलांना आधी सांगून ठेवावं, तिथे घुमटाखाली आवाज घुमतो म्हणून ओरडून बघायचं नाही. माझ्या धाकट्याने दाभोळला ओरडून बघितलंच. ते गृहस्थ म्हणाले, "आमचेही ओरडतात!" डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कोरडी बटाट्याची भाजी. दाभोळला मात्र आमचा डबा उघडलाच नाही, कारण भाभींच्या माहेरी तांदळाच्या भाकरी, सोलकढी आणि नारळाच्या रसातली सांदणं तयार होती. माझी आजी फणसाची सांदणं करायची. शब्द एकच, वाफवायची तऱ्हाही एकच.

राहता राहिला तो तास. यंदा सुलतानांचा धडा आला तेव्हा मी सनावळी लिहिण्याआधी फळ्यावर नुसता पश्चिम किनारा काढला. चौल, दाभोळ, संजाण. मग समुद्रात एक जहाज काढलं आणि ९१६ हा आकडा लिहिला. मधुमतीच्या होड्या नि भात-तूप सांगितलं तेव्हा वर्ग पुन्हा हसला, पण हसणं वेगळं होतं. ती मुलगी आता आठवीत गेलीय, माझ्या वर्गात नाही. म्हणून मधल्या सुट्टीत तिला बोलावलं आणि म्हटलं, "तुझा प्रश्न मागच्या वर्षीचा राहिला होता. जहाजं आधी आली." ती म्हणाली, "मला आजीने सांगितलंय, बाई." आणि पळाली.

आपल्याला पुस्तकांतून शोधावं लागतं ते कुणाच्या तरी घरी आजी सांगत असते. विचारायचं तेवढं राहून जातं. तुमच्या गावातही एखादी जुनी, लहानशी मशीद असेल, जिच्यावरून तुम्ही रोज भाजी घेऊन जात असाल. शेजारच्या भाभींना, खालांना एकदा विचारून बघा. आणि पाहून आलात की मला जरूर कळवा.